राउटरच्या मागच्या भोकात पिन घालण्याआधी

प्रश्न : आमच्याकडे गावातल्या केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे. जोडणीला आलेल्या मुलाने वाय-फायचा पासवर्ड म्हणून माझा मोबाइल नंबरच टाकून दिला. आता तो अख्ख्या बिल्डिंगला माहीत झाला आहे. बदलावा म्हणून १९२.१६८.१.१ टाकलं, तर फोनवर पान उघडतच नाही. लॅपटॉपवर उघडलं, पण 'ॲडमिन-ॲडमिन' चालत नाही. केबलवाले म्हणतात, ''तो पासवर्ड आमच्याकडे असतो, तुम्हाला कशाला हवाय?'' मोबाइलच्या दुकानात सांगितलं की मागच्या भोकात पिन दाबा, सगळं नवं होईल. दाबू का? फोनमधल्या एका ॲपमध्ये आमच्या वाय-फायवर 'अननोन' नावाची दोन उपकरणंही दिसतात. वर शिकायला राहिलेल्या मुलींना नेट द्यायला माझी हरकत नाही, पण बाकीच्यांना नको. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : पिन दाबू नका. निदान आज तरी नको.

पिन दाबली की राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा होतो. त्यात वाय-फायचा पासवर्ड पुसला जातो, हे तुम्हाला हवंच आहे. पण केबलवाल्याने भरलेली कनेक्शनची माहितीही पुसली जाते. गावोगावच्या फायबर कनेक्शनांत बहुधा पीपीपीओई ही पद्धत असते. राउटर चालू झाला की तो केबलवाल्याच्या सर्व्हरला एक युजरनेम आणि पासवर्ड कळवतो, आणि ते जुळलं तरच इंटरनेट सुरू होतं. बऱ्याच ठिकाणी त्याच्या जोडीला व्हीलॅनचा, म्हणजे केबलवाल्याच्या जाळ्यातली तुमची वाट ओळखणारा, एक आकडाही भरलेला असतो. हे सगळं गेलं की वाय-फाय दिसेल, फोन जोडला जाईल, पण नेट येणार नाही. मग केबलवाल्याचा मुलगा येईल, माहिती परत भरेल, आणि घाईघाईत पुन्हा तुमचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जाईल.

म्हणजे तुमच्या राउटरच्या एका डब्यात तीन वेगवेगळे पासवर्ड आहेत. पहिला वाय-फायचा, जो फोन जोडताना लागतो. दुसरा ॲडमिन पॅनेलचा, जो राउटरची सेटिंग उघडायला लागतो. तिसरा पीपीपीओईचा, जो राउटर परस्पर केबलवाल्याला देतो. 'पासवर्ड आमच्याकडे असतो' असं केबलवाला म्हणतो तेव्हा तो यातल्या कोणत्या पासवर्डबद्दल बोलतोय, हे आधी विचारून घ्या. तिसरा त्याने ठरवलेला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण पहिले दोन तुमच्या हातात असायला हवेत, कारण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून पाठवल्याचं निघालं. त्या घरात राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी एटीएसची चौकशी त्यालाच सोसावी लागली. म्हणून 'तुम्हाला कशाला हवाय' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

केबलवाल्याला फोन न करता व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल. मजकूर साधा ठेवा : 'माझ्या कनेक्शनचा पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी पाठवा. राउटरच्या ॲडमिन पॅनेलचा माझ्यासाठीचा लॉगिन पाठवा. पॅनेल बाहेरून, म्हणजे डब्ल्यूएएनच्या बाजूने उघडतं का, तेही सांगा.' राउटर त्यांच्या मालकीचा असेल तर मुख्य, म्हणजे सगळी सेटिंग दाखवणारा, लॉगिन ते देणार नाहीत. तरी ग्राहकासाठीचा लॉगिन मागण्यात गैर काही नाही. राउटर तुम्ही पैसे मोजून घेतला असेल तर दोन्ही मागा.

उत्तर येईपर्यंत राउटर उलटा करून बुडाच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर, वाय-फायचं मूळ नाव आणि पासवर्ड, पॅनेलचा पत्ता, बहुतेक वेळा युजरनेम आणि पासवर्डही तिथेच छापलेले असतात. काही कंपन्या दर डब्याला वेगळा पासवर्ड छापतात. 'ॲडमिन-ॲडमिन' न चालण्याचं तुमच्याकडचं कारण कदाचित एवढंच असेल.

आता पान न उघडण्याबद्दल. १९२.१६८.१.१ हा सगळ्या राउटरांचा पत्ता नाही. डी-लिंकच्या आणि टीपी-लिंकच्या अनेक राउटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१, आसुसच्या बऱ्याच नव्या राउटरांचा १९२.१६८.५०.१. अंदाज बांधण्यापेक्षा फोनलाच विचारा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये वाय-फाय उघडा, जोडलेल्या नावापुढचं चक्र दाबा आणि तपशिलात 'गेटवे' शोधा. आयफोनवर नावापुढचा 'आय' दाबला की 'राउटर' या ओळीत तो दिसतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करून 'डिफॉल्ट गेटवे'पुढचा आकडा पाहा. तोच खरा पत्ता. तुमच्या लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ ला पान उघडलं, म्हणजे तो बहुधा बरोबर आहे आणि गडबड फोनमध्ये आहे.

फोनमध्ये हे पान अडण्याची कारणं ठरलेली आहेत. मोबाइल डेटा चालू असेल आणि वाय-फाय जरा मंद वाटलं की फोन गुपचूप डेटावर जातो. तिथून घरातला राउटर दिसत नाही, म्हणून डेटा बंद करा. व्हीपीएनचं ॲप चालू असेल तर तेही बंद करा. पत्ता गूगलच्या शोधचौकटीत टाकला तर शोध लागतो, पान उघडत नाही. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीतच टाका, त्याच्याआधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरक्या रेघा द्या. कीबोर्ड इंग्रजीवर घ्या : इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, पट्टीत ते इंग्रजीच लागतात. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला तर घाबरू नका. राउटर स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच बनवतो, ब्राउझर ते ओळखत नाही. गेटवेचा आकडा ताडून पाहिला असेल तर या एका ठिकाणी पुढे जायला हरकत नाही. बँकेच्या साइटवर तोच इशारा आला तर मात्र तिथेच थांबायचं.

जमत असेल तर हे सगळं काम लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून करा. वाय-फायचा पासवर्ड बदलला की वाय-फायवरची सगळी उपकरणं तुटतात आणि तुम्ही मध्येच बाहेर फेकले जाता. केबलवर तसं होत नाही.

लॉगिन करताना पासवर्ड एकामागून एक ठोकत बसू नका. तीन-चार चुकले की बरेच राउटर काही मिनिटं लॉगिनच बंद ठेवतात. त्या काळात बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेत नाहीत, आणि माणसाची समजूत होते की तोही चुकीचाच आहे.

आत गेल्यावर आधी काही बदलू नका. डब्ल्यूएएनचं पान उघडून त्याचा फोटो काढा. 'बॅकअप' किंवा 'सेव्ह कॉन्फिगरेशन' असं बटण सापडलं तर ती फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. डब्ल्यूएएनचं पान दिसतच नसेल तर तुम्ही ग्राहकाच्या खात्यातून आत आला आहात. फायबरच्या डब्यांमध्ये हे खूप आढळतं आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका डब्यात दोन खाती असतात : एक साधं, वाय-फायपुरतं, आणि एक मुख्य, ज्यातून सगळं दिसतं. तुम्ही साध्या खात्याचा पासवर्ड कितीही पक्का केलात, तरी मुख्य खात्याचा पासवर्ड कंपनीकडून आलेला तसाच राहतो. एकाच मॉडेलच्या हजारो डब्यांवर तो सारखाच असतो आणि इंटरनेटवर सहज सापडतो. म्हणून केबलवाल्याला नेमकं हेच सांगा की मुख्य खात्याचा पासवर्ड बदलून द्या. नवा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला तरी चालेल, पण कंपनीचा मूळचा राहता कामा नये.

'आमच्या घरी कोण येतंय राउटर फोडायला' असं वाटत असेल तर दोन घटना लक्षात घ्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कोणतीही अवघड युक्ती वापरली नाही. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी त्याच्याकडे होती, ती तो प्रत्येक डब्यावर चालवून बघत होता. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर मालवेअरचा हल्ला झाला, तोही मूळचा पासवर्ड न बदललेल्या मोडेमांवर. ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं. मिराई डब्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो, त्यामुळे डबा बंद-चालू केला की तो निघून जातो. पण पासवर्ड तोच राहिला तर लगेच परत येऊ शकतो. म्हणून आधी पासवर्ड बदला, मग डबा एकदा बंद करून चालू करा.

बाहेरून येणारी वाट बंद करणं हे दुसरं मोठं काम. 'रिमोट मॅनेजमेंट', 'रिमोट ॲक्सेस' किंवा 'एसीएल' अशा नावाचं पान शोधा. तिथे डब्ल्यूएएनच्या रकान्यात एचटीटीपी, टेलनेट, एसएसएच यांच्यापुढच्या खुणा काढा. लॅनच्या, म्हणजे घरातल्या बाजूच्या, रकान्यातली एचटीटीपीची खूण काढू नका, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल. टीआर-०६९ असं काही दिसलं तर डबा केबलवाल्याचा असताना ते चालू राहू द्या. कंपन्या डब्याचं सॉफ्टवेअर त्यातूनच अद्ययावत करतात, ते बंद केल्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त.

वाट खरंच बंद झाली का, हे तपासता येतं. पॅनेलमधल्या स्टेटसच्या पानावर डब्ल्यूएएनचा आयपी पाहा. फोन मोबाइल डेटावर घेऊन तो आकडा ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान आलं तर वाट उघडी आहे. मात्र तो आकडा १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर ही तपासणी लागू पडत नाही. अशा वेळी केबलवाल्याने अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असतात. त्यामुळे बाहेरचं जग तुमच्यापर्यंत सहसा पोचत नाही, पण त्याच केबलवाल्याचे इतर ग्राहक पोचू शकतात. म्हणून वरच्या खुणा तरीही काढायच्याच.

आणि वाट बंद असली तरी ॲडमिनचा पासवर्ड पक्का हवाच. तुम्ही उघडलेलं एखादं खराब वेबपान तुमच्याच ब्राउझरकडून १९२.१६८.१.१ ला आदेश पाठवून बघू शकतं. विनंती घरातूनच आलेली असते, म्हणून राउटरला ती तुमचीच वाटते. पासवर्ड छापील असला आणि राउटर जुना असला तर अशा रीतीने डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलला जातो. मग बँकेचं नाव टाइप केलं तरी तुम्ही भलत्याच सर्व्हरवर जाऊन पडता. म्हणून डब्ल्यूएएनच्या आणि डीएचसीपीच्या (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या), अशा दोन्ही पानांवर डीएनएस पाहा. 'ऑटो' असेल तर ठीक. ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे गूगलचे, १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा. याव्यतिरिक्त दुसरा आकडा कुणी हाताने भरलेला दिसला, तर तो त्याने भरलेला आहे का, हे केबलवाल्याला विचारा. नसेल तर 'ऑटो' करा.

आता वाय-फाय. मोबाइल नंबरचा पासवर्ड का नको, याचं साधं गणित आहे. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला आकडा मोठा आहे. पण फोन वाय-फायला जोडला जाताना हवेतून जी देवाणघेवाण होते, ती जवळपास बसून कुणी टिपली, तर पुढचे प्रयत्न तो स्वतःच्या घरी, तुमच्या राउटरला हातही न लावता करू शकतो. खेळांसाठी विकलं जाणारं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक पासवर्ड तपासतं. ४०० कोटी संपायला फार तर एक तास सात मिनिटं लागतात. ज्याला तुमचा नंबर आधीच माहीत आहे, त्याला तेवढाही वेळ लागत नाही.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत, मध्ये रेघ देऊन लिहा. उदाहरणार्थ उंबरा, टमटम, कोथिंबीर, सतार. हेच चार वापरू नका, डोळे मिटून स्वतःचे निवडा. असा पासवर्ड घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही फोनवर सांगता येतो, तरी तो सहज फुटत नाही. वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्यामुळे लांबीची चिंता नको. वहीत लिहून कपाटात ठेवला तर बिनधास्त ठेवा. राउटरवर चिकटवू नका. ॲडमिनचा पासवर्ड याच पद्धतीने, पण वेगळा बनवा.

सुरक्षेच्या पर्यायात 'डब्ल्यूपीए२ एईएस' किंवा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' निवडा. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुना टीव्ही, प्रिंटर, स्वस्त कॅमेरा जोडलाच जात नाही. टीकेआयपी आणि डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत पद्धती नकोत. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिन नंबरने जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही उणीव २०११ मध्येच जाहीर झाली, तरी तो पर्याय चालू असलेले डबे आजही घरोघरी आहेत. वाय-फायचं नाव लपवण्याच्या भानगडीत पडू नका. शोधणाऱ्याला ते दिसतंच, त्रास फक्त घरच्यांना होतो.

पासवर्ड बदलल्यावर टीव्ही, सीसीटीव्ही, प्रिंटर, स्मार्ट प्लग, सगळं पुन्हा जोडावं लागेल. यातलं बरंचसं सामान फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल आणि प्लग जोडायला नकार देत असेल, तर तेवढ्यापुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करून जोडा, नंतर पुन्हा चालू करा.

ते दोन 'अननोन' कोण, हेही आता कळेल. नव्या पासवर्डनंतर जी उपकरणं परत आली ती तुम्हीच जोडलेली असतील. एवढ्यावरही शंका उरली तर यादीतला मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख-क्रमांक पाहा : बारा अक्षरा-आकड्यांच्या सहा जोड्या. पहिल्या जोडीतलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो फोनने स्वतः बनवलेला बदलता पत्ता असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन असं करतात, आणि असे फोन यादीत बिननावाचे दिसतात. त्यामुळे तुमच्याकडचे ते दोघे घरचेच निघण्याची शक्यता बरीच आहे. घरातल्या एकेका फोनचं वाय-फाय बंद करून यादी ताजी केली की कोणता फोन कोणता, ते कळतं. मॅक पत्त्यांची यादी करून बाकीच्यांना अडवण्याचा जो पर्याय असतो, तो याच बदलत्या पत्त्यांमुळे घरच्यांनाच अडवतो, म्हणून तो राहू द्या.

यूपीएनपी, म्हणजे उपकरणांनी राउटरमध्ये बाहेरची वाट आपोआप उघडण्याची सोय, बंद करून दोन-तीन दिवस बघा. गेम किंवा घराबाहेरून पाहायचा सीसीटीव्ही अडला नाही, तर बंदच ठेवा. फर्मवेअर, म्हणजे डब्याचं आतलं सॉफ्टवेअर : डबा केबलवाल्याचा असेल तर तुम्ही इंटरनेटवरून फाइल शोधून चढवू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात आणि चुकीची फाइल चढली की डबा कायमचा बंद पडू शकतो. स्वतःचा राउटर असेल तर पॅनेलमधूनच अद्ययावत करा, आणि लाइट जाण्याची शक्यता असेल तेव्हा इन्व्हर्टरवर ठेवून करा.

एवढं करूनही आत शिरताच आलं नाही, तर मागच्या भोकातली पिन आहेच. पण पीपीपीओईची माहिती आणि व्हीलॅनचा आकडा हातात आल्यावरच. तेव्हाही कामाच्या दिवशी सकाळी करा, म्हणजे अडलं तर केबलवाला भेटेल. डबा चालू ठेवून पिन दहा ते पंधरा सेकंद, सगळे लाइट एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत दाबून धरा. मग तीनेक मिनिटं थांबा. नुसता 'पॉन'चा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, लाइट लुकलुकत राहिला, स्थिर झाला नाही, तर केबलवाल्याकडे डब्याची नोंद नव्याने करावी लागते आणि ते काम त्याच्याकडूनच होतं. 'एलओएस', म्हणजे सिग्नल नसल्याचा लाइट, लाल असेल तर रीसेटचा संबंध नाही, फायबरची वायर कुठे तरी दबली, वाकली किंवा तुटली आहे. नेट सुरू झाल्यावर फोन जोडण्याआधी ॲडमिनचा पासवर्ड बदला.

वरच्या मुलींसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. 'अलाऊ गेस्ट्स टू ॲक्सेस लोकल नेटवर्क' या अर्थाची खूण काढलेली ठेवा, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळेल पण तुमचा टीव्ही, कॅमेरा आणि राउटरचं पॅनेल दिसणार नाही. वेगाची मर्यादा घालायची सोय असेल तर तुमच्या प्लॅनच्या चौथ्या हिश्श्याइतकी घाला. फायबरच्या काही डब्यांत हा पर्याय 'गेस्ट' नावाने नसतो. तिथे एसएसआयडी २, ३, ४ अशी जास्तीची वाय-फाय असतात. त्यातलं एक चालू करून 'आयसोलेशन'ची खूण लावा. मग मुलींच्या फोनवरून १९२.१६८.१.१ उघडून बघा. लॉगिनचं पान आलं, तर तुमचा डबा पाहुण्यांना नीट वेगळं करत नाही. अशा वेळी पाहुण्यांसाठी दुसरा छोटा राउटर घेऊन जोडण्यापेक्षा घरच्यांसाठीच स्वतःचा चांगला राउटर डब्याच्या लॅन पोर्टला लावा, घरची सगळी उपकरणं त्याच्यावर घ्या आणि डब्याचं वाय-फाय मुलींकडे राहू द्या. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर आपल्या राउटरचा १९२.१६८.५.१ करून घ्या, नाहीतर नेट चालणार नाही. मुलींनी खोली सोडली की पाहुण्यांचा पासवर्ड बदला. घरचं काहीच पुन्हा जोडावं लागणार नाही.